सोसणे (बेळगाव सीमाभाग)

सोसणे म्हणजे वाट्याला आलेले दुःख, आजारपण, वियोग किंवा अपमान सहन करणे, आणि सहन करता करता माणसाच्या समजेत, नात्यांत व जगण्याच्या रीतीत होणारा बदल. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी बोलण्यात हा शब्द रोजचा आहे. मराठीत त्याचा आणखी एक अर्थ आहे आणि तोच या नोंदीचा गाभा आहे. ‘दूध सोसत नाही’, ‘गोव्याची हवा सोसली नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा सोसणे म्हणजे अंगाला मानवणे, पचणे. दुःखाच्या बाबतीतही हे दोन अर्थ वेगळे काढता येत नाहीत. नुसते झेललेले दुःख आत साठून राहते. पचलेले अंगी लागते.

‘भोग’ हा त्याचा शेजारचा शब्द. भोग आपसूक येतो आणि आपसूक सरतो. त्यात माणसाने करण्यासारखे फारसे नसते. सोसण्यात मात्र कर्ता माणूस असतो. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण या संदर्भात हमखास सांगितली जाते. ती खरी आहे, पण अर्धीच. पाथरवटाला घाव कुठे घालायचा ते ठाऊक असते, आणि तरीही काही दगड मध्येच दुभंगतात. आयुष्यातले घाव तर कुणी मोजूनमापून घालत नाही.

मानसशास्त्रात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास १९९० च्या दशकात सुरू झाला. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी संशोधकांनी त्याला ‘आघातोत्तर वाढ’ या अर्थाचे नाव दिले आणि १९९६ मध्ये २१ विधानांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात वाढीची पाच अंगे धरली आहेत: माणसांशी जवळीक, नव्या वाटा दिसणे, स्वतःच्या बळाची जाणीव, आध्यात्मिक बदल आणि जगण्याचे मोल कळणे. त्यांचा एक मुद्दा लोक नेहमी विसरतात. वाढ आघातामुळे होत नाही, आघातानंतरच्या झगड्यातून होते. आणि वाढ झाली म्हणून वेदना संपते असेही नाही, दोन्ही एकाच घरात नांदतात. या मोजपट्टीवर आक्षेपही आहेत. माणूस स्वतःच्या बदलाविषयी जे सांगतो आणि तो प्रत्यक्षात जितका बदललेला असतो, त्यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही.

व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी नाझी छळछावण्यांत आईवडील, भाऊ आणि पत्नी गमावली. टाळता न येणाऱ्या दुःखातही अर्थ सापडू शकतो, हा त्यांच्या उपचारपद्धतीचा पाया. मात्र टाळता येण्याजोगे दुःख सोसत बसण्यात त्यांना काही थोरवी दिसली नाही. तिथे दुःखाचे कारण दूर करणे हेच अर्थपूर्ण काम, असे त्यांनी बजावले.

सीमाभागात या विचाराची ओळख पुस्तकाच्या आधी अभंगातून होते. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या गावोगावी ज्ञानेश्वरीची पारायणे होतात, दिंड्या पंढरीला जातात, आणि कीर्तनात तुकोबांचे ‘बरे झाले देवा निघाले दिवाळे, बरी या दुष्काळे पीडा केली’ हे शब्द येतात. १६३०च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बसला. त्या माणसाने ‘बरे झाले’ म्हणावे, याला फार वजन आहे. पण ते त्याने स्वतःविषयी, मागे वळून पाहताना म्हटले आहे. कालच ज्याच्या घरातून तिरडी निघाली त्याला हा चरण ऐकवणे म्हणजे अभंगाचाही अपमान आहे.

सौंदत्तीची यल्लम्मा हे या भागातले सर्वांत मोठे दुःखदैवत म्हणावे लागेल. मराठी आणि कन्नड, दोन्ही बोलणारे भक्त तिला आई म्हणतात. कथेनुसार यल्लम्मा म्हणजेच रेणुका, आणि पती जमदग्नीच्या शापाने तिचे अंग रोगाने सडले. घराबाहेर पडलेल्या रेणुकेला एकय्या आणि जोगय्या या दोन साधूंनी आधार दिला, आणि ती बरी झाली ती जोगुळभावीच्या पाण्याने. डोंगरावर जाण्याआधी भक्त आजही तिथे अंघोळ करतात. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला देवी विधवा होते आणि बांगड्या फुटतात. पुढे अहेव पुनवेला तिचे अहेवपण परत येते. जिथे विधवेला शुभकार्यात मागे उभे राहावे लागे, तिथे खुद्द देवीच काही काळ तिच्या रांगेत येऊन बसते. बायकांना ती जवळची वाटते, याचे मोठे कारण मला इथे दिसते.

याच देवीच्या नावाने मुली सोडण्याची, म्हणजे त्यांना देवदासी करण्याची, चालही होती, आणि सोसण्याची काळी बाजू तिथे उघडी पडते. कुणाच्या गळ्यात मोती बांधले की तिचे हाल ‘देवीची इच्छा’ ठरत, आणि सोशीक राहणे हा तिचा धर्म. कर्नाटकाने १९८२ मध्ये कायद्याने ही प्रथा बंद केली. पण कागदावर बंदी आल्याने गळ्यातले मोती सुटत नाहीत. ते काम बेळगाव जिल्ह्यातल्या बायकांनीच केले. सीतव्वा जोडट्टी यांना बालपणीच देवदासी करण्यात आले होते. पुढे त्यांनी घटप्रभा येथील ‘महिला अभिवृद्धी मत्तु संरक्षण संस्थे’च्या कामातून माजी देवदासींना एकत्र आणले. मुली सोडण्याचे बेत रोखणे, बचत गट उभे करणे, मुलांचे शिक्षण हे त्यांचे काम. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आयुष्याला ‘दुःखाने घडवले’ असे म्हणणे मला पटत नाही. त्यांनी जे सोसले ते कुणाच्याच वाट्याला यायला नको होते. ते दुसरीच्या वाट्याला येऊ नये म्हणून त्या उभ्या राहिल्या.

दुःख सामूहिकही असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्याच वर्षीच्या जानेवारीतल्या संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात बळी पडलेल्यांचे स्मरण म्हणून इथली मराठी माणसे १७ जानेवारीला हुतात्मा दिन पाळतात. त्या सलाचे राजकारण झाले, पण त्यातून आणखी एक गोष्ट रुजली आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा अशा गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते, पालखीत पुस्तके असतात, पुढे लेझीम आणि टाळमृदंग, दारादारांत रांगोळ्या. ज्यांच्या हाताला अजून शेतातली माती लागलेली आहे असे लोक दिवसभर मांडवात बसून कविता ऐकतात. भाषा हिरावली जाईल या भीतीने गावाला भाषेच्या अधिक जवळ आणले.

सगळेच दुःख असे पचत नाही. झोप उडणे, अन्न न जाणे, मरणाचे विचार येणे ही सोसण्याची नव्हे, उपचाराची वेळ असते. टेलि-मानस या मानसिक आरोग्यसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते. ‘सोशीक आहे, काढेल दिवस’ असे घरच्यांनी ठरवून टाकलेल्या बाईला तर याची जास्तच गरज असते.

रोजच्या जगण्यात सोसण्याला आधार देते ती भावकी आणि गल्ली. मृत्यू झालेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारून भाकरी आणि आमटी येते, आणि रक्षाविसर्जनापर्यंत कुणी ना कुणी तिथे बसून असते. बोलणे फार होत नाही. जाणती बाई दुःखात बसलेलीला धीर धर म्हणत नाही, देवाची इच्छा असेही म्हणत नाही. ताट पुढे सरकवते आणि एवढेच विचारते, ‘सकाळपासून काय खाल्लीस गं?’