आत्म्याचं वजन २१ ग्रॅम? थोडं थांबा

परवा परभणीकडं एका दहाव्याला गेलो तर तिथं पण तेच, माणूस गेला की वजन २१ ग्रॅमनं कमी होतं, सायन्सनं सिद्ध केलंय म्हणायलेत. नाही हो, केलेलं नाही.

हे आलं १९०७ साली. अमेरिकेतल्या डंकन मॅकडुगल नावाच्या डॉक्टरनं मरायला टेकलेल्या फक्त ६ पेशंटला खाटेसकट काट्यावर ठेवलं, त्यातले दोघं त्यानंच हिशोबातून काढले, बाकीच्यांचे आकडे एकमेकाला जुळेनात, कुणाचं वजन नंतर अजून कमी झालं, आणि २१ ग्रॅमचा आकडा पहिल्या एकाच पेशंटचा! शिवाय मरण नेमकं कुठल्या क्षणी आलं हे त्या काळी पक्कं सांगता पण येत नव्हतं.

१५ कुत्र्यांवर पण केलं, वजन घटलं नाही, तर म्हणे कुत्र्याला आत्माच नाही. आपल्याकडं पोळ्याला बैलाच्या पाया पडतात, ते कुणाला पटंल का?

ऑगस्टस क्लार्क या डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं, श्वास थांबला की फुप्फुसात रक्त गार होत नाही, अंग तापून घाम सुटतो, वजन त्यानं घटू शकतं. कुत्र्याला तसा घाम येतच नाही.

आत्मा मानायचा तर माना, फक्त दुःखातल्या घरात हा आकडा सायन्स म्हणून सांगू नका.