मायक्रोफिल्म : शासकीय अभिलेखांचे जतन व व्यवस्थापन

कागदपत्रांची छायाचित्रे मूळ आकारापेक्षा साधारण 8 ते 48 पट लहान करून फिल्मच्या पट्टीवर घेण्याची आणि ती भिंगाच्या यंत्रावर मोठी करून वाचण्याची पद्धत. अभिलेखागारांत ती तीन हेतूंनी वापरली जाते : मूळ कागद नष्ट झाल्यास उपयोगी पडेल अशी सुरक्षा प्रत ठेवणे, जीर्ण कागद वाचकांच्या हाताळणीतून वाचवणे आणि दप्तराची जागा मोकळी करणे. या तिन्हींसाठी फिल्मचा प्रकार, प्रतींची संख्या व तपासणीची काटेकोरता वेगवेगळी लागते. त्यामुळे हेतू न ठरवता चित्रीकरण सुरू करणे ही या कामातील पहिली आणि सर्वांत महाग चूक होय.

इतिहास : सूक्ष्म छायाचित्राच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. मँचेस्टर येथील उपकरणनिर्माते जॉन बेंजामिन डान्सर यांनी 1839 मध्ये, म्हणजे छायाचित्रणकला जाहीर झाली त्याच वर्षी, दस्तऐवजाची सुमारे 160 पट लहान प्रतिमा तयार केली असे बहुतेक संदर्भग्रंथ सांगतात. मात्र डान्सर हे काम छंद मानत व त्यांनी कृतीची पद्धतशीर नोंद ठेवली नाही. त्यांचा काचपट्ट्यांवरील सूक्ष्मचित्रांचा व्यवसाय आर्चर यांची ओल्या कलोडियनची (काचेवर चिकट प्रकाशसंवेदी लेप देऊन छायाचित्र घेण्याची) पद्धत आल्यावर, 1850 नंतरच्या काही वर्षांत उभा राहिला. त्याच सुमारास लंडनमध्ये रोझलिंग व शॅडबोल्ट हेही असे प्रयोग करीत होते आणि काही काळ श्रेय शॅडबोल्ट यांना दिले जाई. डान्सर यांचा अग्रक्रम आज सामान्यतः मान्य आहे. 1839 हे वर्ष मात्र ‘सुमारे’ म्हणूनच घेणे बरे.

अभिलेखांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न, सरकारी कागद असे जपावेत ही कल्पना प्रथम कोणाची? लंडनच्या 1851 च्या महाप्रदर्शनानंतर जेम्स ग्लेशर यांनी आपल्या अहवालात दस्तऐवज जपण्यासाठी या तंत्राची शिफारस केली. 1853 मध्ये जॉन हर्शेल यांनीही सार्वजनिक अभिलेखांच्या सूक्ष्म प्रती काढण्याची सूचना केली. दोघेही खगोलशास्त्रज्ञ होते, अभिलेखपाल नव्हेत. अभिलेखपालांनी ही कल्पना उचलायला पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे घेतली.

मायक्रोफिल्मचे पहिले एकस्व (पेटंट) पॅरिसच्या रने दाग्राँ यांना 1859 मध्ये मिळाले. 1870–71 च्या पॅरिसच्या वेढ्यात सरकारी व खाजगी संदेश त्यांनी पातळ पापुद्र्यांवर उतरवून कबुतरांकरवी शहरात पोहोचवले. एका पापुद्र्याचे वजन सुमारे 0.05 ग्रॅम असे, त्यामुळे एक कबुतर असे वीसपर्यंत पापुद्रे नेई. शहरात ते पडद्यावर मोठे करून कारकून मजकूर उतरवून घेत.

कचेरीतील नित्य वापर बँकांमुळे आला. न्यूयॉर्कमधील बँक अधिकारी जॉर्ज मॅकार्थी यांनी धनादेशांची नोंद ठेवणाऱ्या सरकत्या कॅमेऱ्याचे एकस्व 1925 मध्ये घेतले. पुढे 1928 मध्ये कोडॅकने तो रेकॉर्डॅक या नावाने बाजारात आणला. 1935 पासून न्यूयॉर्क टाइम्सचे अंक 35 मिमी फिल्मवर घेतले जाऊ लागले.

फिल्मची रूपे : सरकारी नस्त्यांसाठी 16 मिमी आणि नकाशे, वर्तमानपत्रे, बांधीव नोंदवह्या व हस्तलिखिते यांसाठी 35 मिमी असा सर्वसाधारण संकेत आहे. नेहमीच्या जाडीचे रीळ 30.5 मी. लांबीचे असते. पातळ पॉलिएस्टरचे 65.5 मी. भरते. 24 पट लघुकरणात 30.5 मी.च्या 16 मिमी रिळावर ए-4 आकाराची सुमारे 2,400 पाने मावतात. मायक्रोफिश हा 105 × 148 मिमीचा सपाट तुकडा असून 24 पट लघुकरणात त्यावर 98 चौकटी बसतात. चालू नस्त्यांत नवी पाने घालता यावीत म्हणून फिल्मचे तुकडे सरकवण्याची जॅकेटे व अभियांत्रिकी आराखड्यांसाठी खिडकीची (फिल्मची चौकट बसवलेली) कार्डे हीही वापरात होती.

पूर्वतयारी व चित्रीकरण : या कामाचा बहुतेक वेळ कॅमेऱ्यापुढे नव्हे, तयारीच्या टेबलावर जातो. टाचण्या, पिना व टॅग काढणे, घड्या मोडणे, फाटलेल्या कडा सांधणे, नस्ती क्रमाने लावणे आणि पान क्रमांक घालणे, ही सर्व कामे आधी झाली पाहिजेत. पान क्रमांक नसलेल्या नस्तीचे चित्रीकरण करू नये, कारण सुटलेले पान पुढे कोणाच्याच लक्षात येत नाही. मूळ नस्तीतच पान नसेल तर तसे लिहिलेली पाटी त्या जागी चित्रित करतात. ती नसली की वीस वर्षांनी दोष कॅमेरा चालवणाऱ्यावर येतो.

कॅमेरे मुख्यतः दोन प्रकारचे. सपाट टेबलाच्या कॅमेऱ्यात कागद व फिल्म दोन्ही क्षणभर स्थिर असतात. सरकत्या कॅमेऱ्यात दोन्ही एकाच लयीत पुढे जातात. दुसरा वेगवान, पण त्यात दोन कागद चिकटून एकदम ओढले जाण्याचा धोका कायमचा, आणि प्रतिमेची तीक्ष्णताही कमी. कायम जतनाच्या अभिलेखांसाठी सपाट टेबलच घ्यावे.

पातळ कागदावर दोन्ही बाजूंनी लिहिलेले असल्यास खाली काळा कागद ठेवतात, म्हणजे मागची शाई कमी उमटते. पिवळ्या पडलेल्या कागदावरील निळ्या शाईसाठी पॅनक्रोमॅटिक (सर्व रंगांना संवेदनशील) फिल्म व पिवळा फिल्टर उपयोगी पडतो : कागद उजळतो, शाई गडद होते, फक्त फिल्मला प्रकाश जास्त द्यावा लागतो. पेन्सिलीची चकाकी दिव्यांचा कोन 45 अंशांच्या आसपास ठेवल्याने बरीच जाते.

प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला काही लांबी कोरी सोडून ठरलेल्या पाट्या येतात : रीळ सुरू झाल्याची खूण, विभाग व नस्त्यांचे क्रमांक, लघुकरणाचे प्रमाण, विभेदन तक्ता (किती बारीक रेषा सुट्या उमटतात हे तपासण्याचा), घनता म्हणजे फिल्मचा काळेपणा मोजण्यासाठी कोरा पांढरा कागद आणि मूळ कागद नित्य कामकाजात चित्रित केल्याचे सहीचे प्रमाणपत्र. शेवटी तक्ता पुन्हा घेतात. सुरुवातीचा तक्ता स्पष्ट आणि शेवटचा पुसट आला तर मधल्या कुठल्या पानापासून भिंग हलले हे शोधत रीळ पाहावे लागते.

वाचनीयतेचे मोजमाप : या विषयातील सर्वांत तांत्रिक व सर्वांत दुर्लक्षित भाग हा. विभेदन तक्त्यावर समांतर रेषांचे क्रमांकित गट असतात. क्रमांक म्हणजे एका मिमीत बसणाऱ्या रेषाजोड्या. सूक्ष्मदर्शकाखाली जो सर्वांत बारीक गट सुटा दिसतो त्याचा क्रमांक लघुकरणाने गुणला की फिल्मवरील विभेदन मिळते. वाचनीयतेचा निर्देशांक काढण्यासाठी तोच क्रमांक मजकुरातील सर्वांत लहान रोमन ‘ई’ अक्षराच्या मिमीतील उंचीने गुणतात. गुणाकार 8 आला तर प्रत उत्तम, 5 आला तर चालण्याजोगी, 3.6 आला तर जेमतेम वाचनीय मानतात.

समजा, अक्षराची उंची 1.5 मिमी आहे. उत्तम प्रतीसाठी 8 भागिले 1.5, म्हणजे 5.3, म्हणून तक्त्यावरील 5.6 चा गट दिसला पाहिजे. पण हा निकष वाचकाच्या हातातील तिसऱ्या पिढीच्या प्रतीला (मूळ फिल्म पहिली पिढी, तिची प्रत दुसरी, त्या प्रतीची प्रत तिसरी) लावायचा असतो आणि प्रत काढताना दर पिढीला साधारण एक गट गमावला जातो. म्हणजे मूळ फिल्मवर 7.1 चा गट हवा. 24 पट लघुकरणात याचा अर्थ मिमीला 170 रेषाजोड्या, 14 पट लघुकरणात मात्र सुमारे 100. रिळे वाचवण्यासाठी लघुकरण वाढवण्याचा मोह होतो, तो हा हिशेब मांडला की आवरतो.

रोमन ‘ई’ निवडण्याचे कारण त्यातील आडवी रेघ व बंद पोकळी आधी बुजते. देवनागरीसाठी हे माप जसेच्या तसे घेणे योग्य नाही. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक शिरोरेघेजवळच्या लहानशा फटीवर किंवा गाठीवर अवलंबून असतो, आणि अनुस्वार तर एक टिंबच. म्हणून तक्त्यावर विसंबून न राहता त्या दप्तरातील सर्वांत बारीक अक्षराचे एक पान चाचणीसाठी निवडून ते तिसऱ्या पिढीच्या प्रतीवर वाचून पाहावे.

पार्श्वभूमीची घनता घनतामापकावर साधारण 0.90 ते 1.10 च्या दरम्यान ठेवतात. पुसट पेन्सिलीच्या किंवा कार्बन प्रतीच्या पानांना ती थोडी कमी ठेवावी लागते, नाहीतर अक्षर काळ्यात बुडते.

प्रक्रिया व प्रती : मूळ फिल्म चांदीयुक्त जिलेटिनची असते. विकासक, स्थिरीकारक, धुणे व वाळवणे या क्रमातील निर्णायक टप्पा धुण्याचा. स्थिरीकारकातील थायोसल्फेट, म्हणजे कामगारांच्या भाषेत हायपो, फिल्मवर उरले तर चांदीचे हळूहळू सल्फाइड होऊन प्रतिमा पिवळसर तपकिरी पडते. उरलेले प्रमाण मिथिलीन ब्ल्यू चाचणीने मोजतात. मर्यादा दर चौ. मी.ला 0.014 ग्रॅम असून चाचणी प्रक्रियेनंतर दोन आठवड्यांच्या आत करायची असते. उशिरा केलेली चाचणी खोटा दिलासा देते, कारण तोवर काही हायपोचे रूपांतर झालेले असते.

मूळ नेगेटिव्ह फक्त एकदा, दुसऱ्या पिढीची छपाई प्रत काढण्यापुरती बाहेर येते. वाचकांच्या प्रती त्या दुसऱ्या पिढीवरून काढतात. त्या डायझो किंवा व्हेसिक्युलर फिल्मवर निघतात. पहिली अमोनियाने, दुसरी उष्णतेने विकसित होते. सुरुवातीच्या काल्व्हार व्हेसिक्युलर फिल्ममधून हायड्रोजन क्लोराइड सुटून खोकी व कपाटे गंजली. म्हणून वेगवेगळ्या प्रकारच्या फिल्म एका खोक्यात ठेवत नाहीत.

ऱ्हासाचे प्रकार : सेल्युलोज ट्रायअॅसिटेटची फिल्म 1948 मध्ये सुरक्षित म्हणून आली. तिच्या ऱ्हासाची पहिली तक्रार दशकभरातच कोडॅककडे पोहोचली, ती भारत सरकारच्या उष्ण व दमट हवेत ठेवलेल्या फिल्मबाबत. आधारपट्टीतून अॅसिटिक आम्ल सुटते, तेच आम्ल पुढील विघटन वेगाने घडवते, फिल्म आक्रसते व लहरते. याला व्हिनेगरचा वास येतो, त्यावरूनच या दोषाला ‘व्हिनेगर सिंड्रोम’ हे नाव पडले. निळ्याची हिरवी व मग पिवळी होणारी रंगपट्टी खोक्यात ठेवून आम्लता मोजतात. वास येणारे रीळ त्याच दिवशी वेगळे करावे आणि लहरण्याआधी त्याची प्रत काढावी. एकदा पट्टी सपाट बसेनाशी झाली की भिंगाचा केंद्र सर्वत्र साधत नाही. गुंडाळलेले रीळ बाजूने उजेडासमोर धरले तर पॉलिएस्टर अर्धपारदर्शक दिसते, अॅसिटेट अपारदर्शक. कपाट न उसकटता वर्गवारी करण्याची ही सोपी युक्ती.

दुसरा दोष लाल ठिपक्यांचा. 1960 नंतरच्या काही वर्षांत तो अमेरिकेतील अनेक संग्रहांत आढळला. हलक्या प्रतीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, ताज्या रंगाच्या वाफेतून किंवा ओझोनमधून येणारी ऑक्सिडीकारक द्रव्ये चांदीवर हल्ला करतात आणि रिळाच्या बाहेरच्या वेढ्यांवर बारीक तांबूस वलये उमटतात. पॉलिसल्फाइडच्या द्रावणाने चांदीचे आधीच सल्फाइड केले की हा धोका बराच टळतो. हायपोमुळे आपोआप होणारे सल्फाइड वाईट आणि हेतुपूर्वक केलेले चांगले, हा विरोधाभास वरवरचा आहे : पहिले असमान व डागाळणारे असते, दुसरे सर्वत्र सारखे.

साठवण : पॉलिएस्टरवरील चांदीच्या फिल्मला प्रमाणकानुसार 500 वर्षांचे आयुर्मान दिले जाते, अॅसिटेट, डायझो व व्हेसिक्युलरला फार तर 100. हे आकडे फिल्मचे नाहीत, फिल्म व तिची हवा यांचे मिळून आहेत. दीर्घ साठवणीसाठी 21 अंश सेल्सियसला 20 ते 30 टक्के सापेक्ष आर्द्रता धरतात. तापमान 10 अंशांपर्यंत उतरवले तर आर्द्रता 50 टक्क्यांपर्यंत चालते. थंड खोलीतून काढलेले रीळ बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, नाहीतर जिलेटिनवर दव धरते आणि वेढे एकमेकांना चिकटतात. रबरबँड गंधकामुळे वर्ज्य. जोडही शक्य तितके टाळतात. पॉलिएस्टरला फिल्म चिकटवण्याचे सिमेंट धरत नाही, त्यावर ध्वनिलहरींचा जोड घालतात. चिकटपट्टी कधीच नाही.

मूळ नेगेटिव्ह वाचनकक्षाच्याच इमारतीत ठेवणे म्हणजे सुरक्षा प्रत नसल्यासारखेच. जर्मनीने ओबररीड येथील बार्बारा बोगद्यात 1975 पासून अभिलेखांच्या फिल्म पोलादी पिंपांत बंद करून ठेवल्या आहेत. त्या जागेला 1978 पासून युद्धकाळात सांस्कृतिक वारसा जपण्याच्या 1954 च्या हेग कराराखाली विशेष संरक्षण आहे.

शोध : फिल्मवरील पान क्रमांकाशिवाय सापडत नाही. 16 मिमी रिळावर चौकटीखाली लहान, मध्यम व मोठे ठिपके छापून पान, नस्ती व गठ्ठा मोजणारी यंत्रे वापरली जात. सूचीत रीळ क्रमांक व चौकट क्रमांक दोन्ही हवेत.

पुराव्यातील स्थान व मूळ कागदांचा नाश : अमेरिकेत 1951 च्या संघीय कायद्याने नित्य कामकाजात काढलेल्या प्रतींना मुळाइतके ग्राह्य मानले. भारतात सीमाशुल्क कायद्याच्या कलम 138-सी मध्ये मायक्रोफिल्मची ग्राह्यता स्वतंत्रपणे नमूद आहे. तथापि न्यायालयात चालणे व कागद जाळता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या 1920 च्या जनगणनेचे मूळ तक्ते फिल्म झाल्यावर काँग्रेसच्या मंजुरीने नष्ट केले गेले, आणि फिल्मवर जी पाने अवाच्य निघाली ती दुरुस्त करण्याचा मार्ग उरला नाही. प्रत्येक चौकट मूळ पानाशी ताडून, हायपोची चाचणी होऊन, दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी पोहोचल्यावरच नाशाचा प्रस्ताव पुढे जावा. सही, शिक्का किंवा जलचिन्ह वादाचा विषय होऊ शकेल असे कागद तरीही राखावेत.

संगणकीय प्रतींशी संबंध : आज बहुतेक ठिकाणी फिल्म काढण्यापेक्षा जुनी फिल्म स्कॅन करण्याचे काम मोठे आहे. उलट दिशेने, संगणकीय प्रतिमा फिल्मवर उतरवणारी यंत्रेही आहेत. स्कॅनिंगसाठी वाचकांची ओरखडलेली डायझो प्रत न घेता दुसऱ्या पिढीची चांदीची प्रत घ्यावी. घनता रिळात मध्येच बदलली असेल तर संपूर्ण रिळाला एकच उजेड लावून चालत नाही, गडद नस्त्या वेगळ्या काढून पुन्हा स्कॅन कराव्या लागतात. यंत्र चौकटीची कड ओळखून मोजते. त्यामुळे दोन पाने खेटून आली असतील किंवा मध्ये जोड असेल तर मोजणी चुकते, आणि निघालेल्या प्रतिमांची संख्या रीळ नोंदवहीतील चौकटींच्या संख्येशी ताडल्याशिवाय ते रीळ पूर्ण झाले असे लिहीत नाहीत.