लाइफराफ्ट पालथी पडली तर सरळ कशी करायची

सर्व्हिसिंगला लाइफराफ्ट (बोट बुडताना फुगवून बसायचा तराफा) आणणारे बहुतेक मालक सर्टिफिकेट कधी मिळेल एवढंच विचारतात, पालथी पडली तर काय हे कोणी विचारत नाही, म्हणून हा कागद. तांडेलपासून (बोटीचा प्रमुख) भंडाऱ्यापर्यंत (स्वयंपाकी) सगळ्यांना वाचून दाखवा. (सेल्फ-रायटिंग राफ्ट असेल तर ती आपोआप सुलटी होते, तुमची कुठली आहे ते आम्हाला विचारा.)

फुगताना वाऱ्याने नाहीतर लाटेने राफ्ट उलटू शकते, तो माल खराब असल्याचा पुरावा नाही. एकट्या माणसाला ती सरळ करता आलीच पाहिजे, सोलासच्या (समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) राफ्टला तसा नियमच आहे. ताकदीपेक्षा वाऱ्याची दिशा बघणं महत्त्वाचं.

पालथ्या राफ्टच्या तळावर आडवा पट्टा दिसेल आणि एका कडेला गॅसचा सिलिंडर. पाण्यातूनच राफ्ट अशी फिरवा की सिलिंडरची कड तुमच्याकडे आणि वारा समोरून थेट तुमच्या तोंडावर. कमरेचा सुरा, टोकदार काही असेल ते आधी बाजूला करा. मग सिलिंडरच्या कडेवर पाय देऊन उभं राहायचं, पट्टा जमेल तेवढा वरून धरायचा आणि अख्खं अंग मागे टाकायचं, समोरची कड जरा उचलली की वारा खाली शिरतो आणि पुढचं काम तोच करतो. उलट्या बाजूने ओढलंत तर वारा तुमच्याशीच भांडणार, वर सिलिंडर डोक्यात बसायची भीती. बाकीच्यांनी तुमच्या पाठीमागे थांबू नये, राफ्ट तिथेच पडते.

बहुतेकदा ती तुमच्या अंगावरच येते. घाबरू नका, तळ मऊ असतो. हाताने वर ढकललंत की श्वासापुरती हवा मिळते. लाइफजॅकेट फुगलेलं असताना पालथं पोहायला गेलात तर अडकाल, म्हणून उताणे राहून पट्टा धरत धरत सिलिंडरपासून लांबच्या कडेने बाहेर या. बोटीला बांधलेली दोरी राफ्ट सरळ होईपर्यंत कापायची नाही, नाहीतर वारा राफ्ट पळवेल आणि तुम्ही मागे.

चढलात की पहिलं काम सी-अँकर (पाण्यात ओढला जाऊन राफ्टला वाहून जाण्यापासून रोखणारी कापडी पिशवी) टाकायचं. तळाच्या पिशव्यांत पाणी भरलं की राफ्ट बसते, पण तेवढ्यावर विसंबू नका, 1979 च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळात माणसं आत असताना राफ्ट उलटल्या होत्या. माणसं एका बाजूला गोळा होऊ देऊ नका.

आणि सुरुवातीला फुस्स आवाज येतो, तो जादा गॅस व्हॉल्व्हमधून सुटतो त्याचा, पंक्चर नाही. फक्त छताचं दार थोडं उघडं ठेवा, तो कार्बन डायऑक्साइड आत साठायला नको.