वॅक्सिंगला येताय? आधी केस तांदळाएवढे वाढू द्या

(आमच्या पार्लरमध्ये येणाऱ्या ताई, काकू आणि मैत्रिणींसाठी)

“ताई, परवाच रेझर फिरवला होता, पण उद्या लग्नाला जायचंय. होईल ना वॅक्सिंग?”

हा प्रश्न आम्हाला आठवड्यातून चार-पाच वेळा ऐकू येतो आणि दर वेळी ‘नाही’ म्हणावं लागतं. दादरहून, ठाण्याहून लोकलच्या गर्दीत उभं राहून तुम्ही डोंबिवलीला उतरता, घरी न जाता थेट आमच्याकडे येता आणि मी तुम्हाला तशीच परत पाठवते. मलाही ते बरं वाटत नाही. तुमची संध्याकाळ फुकट जाते, आमची ठरलेली वेळ रिकामी जाते आणि ज्या मुलीला तीच वेळ हवी होती तिला आम्ही आधीच नाही म्हणून बसलेलो असतो. म्हणून हे पत्रक छापलं. एकदा निवांत वाचा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

आमच्या काउंटरवर काचेच्या छोट्या बाटलीत तांदळाचे दाणे ठेवले आहेत. बऱ्याच जणी विचारतात, हे कशाला? ते माप आहे. हातापायावरचा केस आंबेमोहोराच्या दाण्याएवढा, म्हणजे साधारण 5 मिलिमीटर वाढला की वॅक्सला नीट पकड मिळते. बासमतीच्या दाण्याएवढी वाट बघायची गरज नाही. केस त्याहून फार लांब असतील तर उलट जास्त दुखतं, मग आम्ही आधी कात्रीने थोडे कापून घेतो. घरी एक दाणा घ्या, उजेडात पायावर केसाशेजारी धरून बघा. दाण्याच्या निम्माच असेल तर अजून थांबा.

किती दिवस थांबायचं याचं गणित सोपं आहे. पायावरचा केस दिवसाला साधारण पाव मिलिमीटर वाढतो. म्हणजे आज रेझर लावला तर दाण्याएवढा व्हायला वीस दिवस लागतात. म्हणून आम्ही हातापायांसाठी तीन आठवडे सांगतो. काखेतला केस थोडा लवकर वाढतो, तिथे दोन आठवड्यांत काम होतं. कुणाचे केस वाढायला दोन-चार दिवस इकडेतिकडे होतात, पण चार दिवसांत कुणाचेच होत नाहीत.

आता जी चूक सगळ्यात जास्त होते तिच्याकडे येते. ती लग्नाच्या आदल्या दिवशी होत नाही, त्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

तुम्ही वॅक्सिंग करून जाता, पाय छान गुळगुळीत असतात. आठ-दहा दिवसांनी बारीक बारीक केस दिसायला लागतात. तुम्हाला वाटतं, या वेळी नीट झालं नाही, ताईंनी घाई केली. खरं असं असतं की अंगावरचे सगळे केस एकाच वेळी वर आलेले नसतात. काही वाढत असतात, काही थांबलेले असतात, काही गळून त्यांच्या जागी नवे त्वचेखाली तयार होत असतात. वॅक्स फक्त वर आलेले केस मुळापासून काढतं. त्या दिवशी जे आत होते ते आठ-दहा दिवसांनी डोकं वर काढतात. हे काम कच्चं राहिल्याचं लक्षण नाही. पहिल्या दोन-तीन वेळा हे जास्त जाणवतं, मग नेमाने चार-पाच आठवड्यांनी करत राहिलात की कमी होत जातं.

पण नेमकं त्याच दिवशी आंघोळीच्या वेळी बाथरूममधला रेझर हाताशी असतो. “थोडेच तर आहेत” म्हणून तो पायावर फिरतो. जे केस पुढच्या वेळी वॅक्सच्या हाती लागणार होते ते सगळे पृष्ठभागाशी कापले जातात आणि तीन आठवड्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मधल्या काळात ते खुंटासारखे टोचायला लागतात, मग परत रेझर. सहा महिने वॅक्सिंगचे पैसे भरूनही “मला काही फरकच पडत नाही” म्हणणाऱ्या बहुतेक जणींचं असंच झालेलं असतं. दोन दगडांवर पाय ठेवला की कुठलाच फायदा पदरात पडत नाही. ते मधले चार केस फार डोळ्यात येत असतील तर चिमट्याने काढू नका, कापू नका, सलवार घालून दोन आठवडे काढा. तेही शक्य नसेल तर छोट्या कात्रीने नुसती टोकं छाटा. हात दाखवायचेच असतील तर फोन करा, दिसणाऱ्या भागापुरता काही मार्ग निघतो का ते बघू.

सुरुवातीच्या काळात मीही समोरचीचं मन मोडू नये म्हणून “बघूया” म्हणत करून द्यायचे. एकदा एका कॉलेजच्या मुलीला गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेला नऊवारी नेसून जायचं होतं, रेझर लावून नऊ दिवस झाले होते. पहिली पट्टी ओढली आणि उजेडाकडे धरली. पट्टीवर मोजून आठ-दहा केस. पायावर काळे ठिपके तसेच. त्याच जागी दुसऱ्यांदा वॅक्स लावलं, मग तिसऱ्यांदा. नडगीवरची त्वचा लाल झाली, रक्ताचे बारीक थेंब दिसले. अर्धे केस निघण्याऐवजी मधेच तुटले आणि पुढच्या पंधरवड्यात त्यांतले काही त्वचेखालीच वळून वाढले, पुळ्या आल्या. तिने मला काही बोल लावला नाही. पण तेव्हापासून एकाच जागी दोनदापेक्षा जास्त वॅक्स लावायचं नाही आणि आखूड केसांना हात घालायचा नाही, हा आमचा नियम आहे. तुम्ही रागावलात तरी तो मोडणार नाही.

याचा अर्थ रेझर वाईट असा अजिबात नाही. ज्यांना दुखणं सहन होत नाही, ज्यांना पाच आठवड्यांतून एकदा वेळ काढणं जमत नाही, त्यांनी खुशाल रेझरच वापरावा. रेझरने केस जाड होतात हा समज खोटा आहे. 1928 साली मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी हे तपासून पाहिलं होतं, केसाच्या जाडीत वा वाढीत फरक पडला नव्हता. केसाचं टोक निमुळतं असतं, रेझर ते आडवं कापतो, त्यामुळे बोटाला खरखरीत लागतं, एवढंच. फक्त नवऱ्याचा किंवा बहिणीचा रेझर घेऊ नका. पातं लागून रक्त येतंच कधीतरी, आणि हिपॅटायटिस बी सारखे आजार अशा वाटेने पसरतात. स्वतःचा वेगळा ठेवा, साबणाचा फेस करून केसांच्या दिशेने फिरवा, झाल्यावर झटकून बाथरूमबाहेर कोरड्या जागी ठेवा.

हेअर रिमूव्हल क्रीमबद्दल थोडं सांभाळून. डब्यावर कॅल्शियम किंवा पोटॅशियम थायोग्लायकोलेट असं नाव असतं. हा पदार्थ केसातलं केराटिन, म्हणजे केस ज्याचा बनलेला असतो ते प्रथिन, मऊ करतो, म्हणून केस पुसून निघतो. पण आपली त्वचाही केराटिनचीच. क्रीमचा पीएच, म्हणजे क्षारपणाचं माप, 12 च्या आसपास असतो, साबणापेक्षाही जास्त. म्हणून “अजून दोन मिनिटं ठेवते, चांगले निघतील” हे करू नका, डब्यावर लिहिलेली वेळ झाली की पुसायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा. क्रीमनेही केस पृष्ठभागाशीच जातो, त्यामुळे वॅक्सिंगच्या मोजणीला ते रेझरसारखंच. क्रीम लावल्यावरही तीन आठवडे.

लेझर आमच्याकडे होत नाही. ते त्वचारोगतज्ज्ञांकडेच करावं, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. लेझर केसातल्या काळ्या रंगावर काम करतं, पांढऱ्या केसांवर चालत नाही, आणि एकदा करून भागत नाही, चार-सहा आठवड्यांच्या अंतराने बऱ्याच वेळा जावं लागतं. ज्यांचं लेझर ठरलंय त्यांनी आधीचे महिनाभर आमच्याकडे वॅक्सिंगला येऊ नका, कारण लेझरला मूळ जागेवर लागतं. त्या काळात रेझर चालतो.

हनुवटीवर, गळ्यावर अचानक जाड काळे केस यायला लागले असतील आणि पाळीही पुढेमागे होत असेल तर दर पंधरा दिवसांनी थ्रेडिंग करत बसण्याआधी डॉक्टरांना दाखवा. पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोन्सचा बिघाड, असू शकतो. थ्रेडिंग आम्ही आनंदाने करू, पण मूळ कारण दोऱ्याने जाणार नाही.

आमच्याकडे दर थोडा जास्त का, हेही विचारलं जातं. आम्ही साखर-लिंबाचं वॅक्स स्वतः करतो. पाक गोळीबंद झाला की उतरवतो, थोडा जरी पुढे गेला तरी घट्ट होतो आणि पट्टीबरोबर त्वचा ओढली जाते. हे वॅक्स पाण्याने धुतलं जातं, चिकटा राहत नाही. कोरडी, नाजूक त्वचा असेल किंवा काखेतले जाड केस असतील तर तेलाने निघणारं वॅक्स वापरतो, ते कमी उष्णतेवर लागतं. कुठलंही असो, आधी आपल्या मनगटाला लावून ऊब बघतो, मग तुमच्या. पट्टी प्रत्येकीला नवी, कापडाची धुवून परत वापरत नाही. काखेला लावलेली लाकडी स्टिक परत डब्यात बुडवत नाही, टाकून देतो. दिवसाला किती स्टिक जातात ते केराच्या डब्यात तुम्हाला दिसेल. खर्च तिथे होतो आणि तो व्हायला हवा.

आणि चेहऱ्याचं वॅक्स करण्याआधी आम्ही मुरुमांच्या गोळ्यांबद्दल विचारतो, तेव्हा चौकशी वाटून घेऊ नका. आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू असेल किंवा बंद करून सहा महिने झाले नसतील तर त्वचा पातळ झालेली असते, वॅक्सबरोबर वरचा थर सोलून निघतो. रात्री रेटिनॉलचं क्रीम लावत असाल तर आठवडाभर आधी थांबवून या. रक्त पातळ करणारी औषधं, मधुमेह, पायावर फुगलेल्या शिरा, यातलं काही असेल तर आधीच सांगा.

लग्नघरातल्या मुलींनी क्रम लक्षात ठेवा: आधी वॅक्सिंग, मध्ये निदान एक दिवस मोकळा, मग मेंदी, मग हळद. मेंदीनंतर वॅक्स केलं तर रंग वरच्या थराबरोबर निघतो, हजारो रुपयांची मेंदी दोन दिवसांत फिकी. आणि सकाळी वॅक्स करून दुपारी हळद लागली की मुलगी रडवेली होते. ओल्या हळदीने उघड्या रोमछिद्रांची आग होते. आयाबाया हौसेने हळद चोळतात, त्यांना कुणी हे सांगितलेलं नसतं.

दिवाळीचंही तसंच. फडके रोडवर पहाटे जायचं म्हणून नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या डोंबिवलीला वॅक्सिंग हवं असतं. मग पहाटे अभ्यंगस्नानात उटणं घासलं जातं आणि हात लाल होतात. वसुबारसेपर्यंत उरकून घ्या. तेव्हा आमच्याकडे गर्दीही कमी असते आणि तुम्हाला पुरेसा वेळ देता येतो.

वॅक्सिंगनंतरचा दिवसभर गरम पाण्याची आंघोळ, डिओड्रंट, अत्तर आणि घट्ट लेगिंग्ज टाळा. सैल सुती कपडे घाला. कोरफडीचा गर लावला तरी पुरे, घरी कुंडी नसेल तर साध्या, सुगंध नसलेल्या जेलच्या लहान ट्यूब काउंटरवर आहेत. दोन दिवसांनंतर आठवड्यातून दोनदा मसूरपीठ किंवा मऊ कापडाने हलकं चोळा, म्हणजे केस त्वचेखाली अडकत नाहीत. नायलॉनच्या जाळीने खसाखसा घासू नका. पुळी आली तर नखाने फोडू नका, येऊन दाखवा, त्याचे पैसे घेत नाही.

येण्याच्या दिवशी अंगाला खोबरेल लावून येऊ नका, वॅक्स सरकतं. पाळीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत दुखणं जास्त जाणवतं, जमलं तर ती तारीख टाळा.

निघताना प्रत्येकीला आम्ही एक छोटं कार्ड देतो, त्यावर पुढची तारीख लिहिलेली असते. ते पर्समध्ये ठेवा. रेझर फिरवलाच असेल तर संकोच न करता फोनवरच सांगा, कधी फिरवला तो दिवस विचारून, तिथून तीन आठवडे मोजून वेळ देऊ. संध्याकाळी सातनंतर लोकलने येणाऱ्यांसाठी दोन वेळा राखून ठेवलेल्या असतात.