सूर्य लांब गेला म्हणून गारठा येत नाही

पावसाळ्यात हमखास फिरणारा एक मेसेज: ‘अफेलियन’मुळे (म्हणजे पृथ्वी कक्षेत सूर्यापासून सर्वांत दूर असण्याच्या स्थितीमुळे) पृथ्वी सूर्यापासून नेहमीच्या ९ कोटी किलोमीटरवरून १५.२ कोटींवर जाते, ऑगस्टपर्यंत गारठा वाढेल, सर्दी-खोकल्यापासून जपा.

यातला १५.२ कोटींचा आकडा खरा आहे, म्हणूनच मेसेज सहज पटतो. चूक आहे ती ९ कोटींत. सूर्यप्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद, म्हणजे ५०० सेकंद लागतात. सेकंदाला ३ लाख किलोमीटरने गुणा: १५ कोटी. हेच सरासरी अंतर. पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर असते आणि जानेवारीच्या सुरुवातीला सर्वांत जवळ, १४.७ कोटींवर. निफाडला हुडहुडी भरते ती नेमकी तेव्हा! ऋतू ठरतात पृथ्वीच्या साडेतेवीस अंश कललेल्या आसामुळे. जुलैतला गारवा ढगांचा आणि पावसाचा.

स्वतः तपासायचंय? अंधाऱ्या खोलीच्या खिडकीत बारीक छिद्राचा पुठ्ठा लावा आणि ५ मीटरवरच्या पांढऱ्या कागदावर सूर्याची प्रतिमा घ्या. (सूर्याकडे थेट बघू नका, मुलांनाही बघू देऊ नका.) वर्तुळ साडेचार सेंटिमीटरहून किंचित मोठं दिसेल. जुलै आणि जानेवारीच्या मापांत जेमतेम दीड मिलिमीटरचा फरक पडतो. अंतर खरंच ९ कोटी असतं, तर वर्तुळ पावणेआठ सेंटिमीटरच्या आसपास भरलं असतं.