दिवा लागतो, पण रस्ता दिसत नाही

गाडीचा हेडलाइट कधी बदलायचा, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, 'बल्ब उडाला की.' पण बल्ब उडणं हा त्यातल्या त्यात बरा प्रकार, निदान तो कळतो तरी. घोटाळा करतो तो रोज इमानदारीत लागणारा आणि महिन्यागणिक थोडा थोडा मंदावणारा दिवा. चांदण्यापासून भर दुपारच्या उन्हापर्यंत कशाशीही जुळवून घ्यायची डोळ्याला सवय असते; दोन-तीन वर्षांत घटत गेलेला उजेड तो मुकाट्याने सांभाळून घेतो. शहरात तर रस्त्यावरचे दिवेच आपल्या दिव्याची उणीव झाकतात. मग एखाद्या रात्री घाटात शिरल्यावर वाटतं, आज काळोख जरा जास्तच आहे!

आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत अजून एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. एकाच काचेत दोन तारा, अप्परची (लांबवर पडणाऱ्या झोताची) ६० वॉटची आणि डिपरची (जवळ, खाली पडणाऱ्या झोताची) ५५ वॉटची. टंग्स्टनची ही तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तिच्यातले अणू सतत उडत राहतात. साध्या बल्बमध्ये ते काचेवर बसून ती काळी करतात. इथे आतली आयोडीन किंवा ब्रोमीनची वाफ त्यांना पकडते आणि तारेपाशी परत आणून सोडते. मात्र जिथून निघाले तिथेच ते बसतील याची खात्री नसते. त्यामुळे तार कुठे जाड, कुठे बारीक होत जाते आणि बारीक जागी तुटते. काचेला आतून करडी-काळी झाक आली असेल किंवा तारेला झोळ पडला असेल, तर बल्ब बदलाच.

दुसऱ्या बाजूचा बल्बही तेवढाच जुना असतो, म्हणून बदलायचे ते जोडीने. पण आधी एकच नवा बसवून सपाट जागी गाडी भिंतीसमोर उभी करावी आणि डिपर लावून पाहावं. गेल्या वर्षीचा उजेड डोळ्याला आठवत नाही, शेजारी-शेजारी पडलेल्या दोन उजेडांतला फरक मात्र तो लगेच पकडतो. नव्या बल्बचा ठिपका ठळक दिसला, तर दोष जुन्या बल्बचा. दोन्ही सारखेच मिणमिणते दिसले, तर बल्बला उगाच बोल लावू नका.

मग पाहायचं वायरिंग. हॅलोजन बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार हळवा असतो. तेरा व्होल्टच्या जागी बाराच पोचले, तर उजेड जवळपास पाव भागाने घटतो. गंजलेलं सॉकेट किंवा सैल अर्थिंग एवढी चोरी सहज करतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर दिवा उजळत असेल, तर बॅटरी आणि अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र) तपासून घ्यावेत.

आणि सगळ्यात जास्त उजेड खाते ती समोरची 'काच'. ती खरं तर काच नसतेच, पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं. ते दगडाने सहसा फुटत नाही, पण उन्हातले अतिनील किरण त्याचे रेणू तोडतात. म्हणून त्यावर संरक्षक थर दिलेला असतो. ऊन, धूळ आणि कोरड्या फडक्याने पुसण्याची हौस यांनी तो थर गेला, की प्लॅस्टिक पिवळं आणि धुरकट होतं. अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए' या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ साली अशा दिव्यांची चाचणी घेतली, तेव्हा खराब झालेल्या दिव्यांचा डिपरवरचा उजेड नव्याच्या फक्त २२ टक्के भरला. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, या व्यस्त वर्गाच्या नियमाने पाहिलं, तर उजेड चौथाईवर आला की तेवढाच प्रकाश निम्म्याच अंतरापर्यंत पोचतो. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावरसुद्धा थांबायला साधारण ६५ ते ७० मीटर घेते, हे यापुढे ठेवून पाहा.

धुरकट काचेतून जे बाहेर पडतं तेही नीट रस्त्यावर जात नाही, चहूकडे विखुरतं. त्यातलं काही समोरच्याच्या डोळ्यांत जातं. तुम्ही डिपरवर असूनही समोरचे वारंवार अप्पर-डिपर मारत असतील, तर काच एकदा बारकाईने पाहा, किंवा दिव्याचा फोकस वर गेलाय का ते तपासा.

पिवळी काच पॉलिश करता येते. टूथपेस्टचा घरगुती उपाय दोन दिवस बरा दिसतो, पण घासताना उरलासुरला थरही जातो. पॉलिशनंतर अतिनील किरण रोखणारा नवा थर दिला नाही, तर काच काही महिन्यांत पुन्हा पिवळी पडते. पॉलिश करूनही आत भेगांची जाळी दिसली किंवा रिफ्लेक्टरचा, म्हणजे बल्बमागच्या आरशाचा, चंदेरी मुलामा उडालेला असला, तर मात्र अख्खं युनिटच बदलावं लागतं. त्याच जुन्या युनिटमध्ये झगझगीत एलईडी बल्ब खुपसणं हा त्यावरचा इलाज नव्हे. एच-४मध्ये डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते, ती वर उधळणारा प्रकाश अडवते. रिफ्लेक्टरचा आकार त्या तारेची आणि वाटीची जागा धरून आखलेला असतो. एलईडीची चिप नेमकी तिथे आली नाही, तर भिंतीवर डिपरच्या उजेडाची वरची कड जी सरळ रेघेत दिसते, ती विस्कटते.