डोळे आले, पण कशाने?

जुलै २०२३ मध्ये आळंदीत डोळे आलेल्यांचा आकडा हजारापलीकडे गेला आणि पुढे राज्यभर शाळाशाळांतून काळे चष्मे दिसू लागले. बहुतेकांनी मेडिकलमधून ड्रॉप्सची बाटली आणली, चारपाच दिवस डोळे पुसत काढले आणि आलेले डोळे गेले. विषाणू कोणता, हे कुणी विचारलं नाही. विचारायची फारशी गरजही नव्हती, कारण असे डोळे बहुधा आपले आपण बरे होतात.

गरज पडते ती थोड्यांना, पण त्यांच्याकडे वेळ नसतो. ओठांवर पुळ्या आणणारा हर्पिसचा विषाणू बुबुळावर बसला तर सुरुवातीला तोही साधा लाल डोळाच दिसतो. त्यात कुणी दुकानातून स्टेरॉईडचे थेंब आणून घातले की लाली उतरते, रुग्ण खूश होतो आणि विषाणूला रान मोकळं मिळतं. बुबुळावरची जखम झाडाला फांद्या फुटाव्यात तशी पसरते. भरून आली तरी मागे पांढरा वण राहू शकतो, ज्याला आपण डोळ्यात फूल पडणं म्हणतो.

विषाणू ओळखायची जुनी रीत म्हणजे काचपात्रात पेशी वाढवायच्या, त्यांवर नमुना घालायचा आणि रोज सूक्ष्मदर्शकातून बघत बसायचं. अडेनोव्हायरस, म्हणजे डोळे आणणारा एक नेहमीचा विषाणू, असेल तर पेशी फुगून गोल होतात आणि द्राक्षांच्या घडासारख्या एकत्र गोळा होतात. दिसायला सुंदर, पण त्याला कधी आठवडा लागतो, कधी तीन. तोवर रुग्ण बरा होऊन कामाला लागलेला असतो.

आणि विषाणू कोणता याने किती फरक पडतो, हे मुंबईने पाहिलं आहे. १९६९ मध्ये, माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी, आफ्रिकेत घानामध्ये डोळ्यांची एक नवी साथ उसळली. लोकांनी तिला त्या चांद्रयानाचं, अपोलोचंच नाव दिलं. १९७१ मध्ये ती मुंबईत आली. डोळे बरे झाल्यावर काही जणांचे पाय लुळे पडू लागले, तेव्हा डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा संबंध या साथीशी जोडला. ती पसरवणारा एन्टेरोव्हायरस ७० हा पोलिओच्याच घराण्यातला. १९७० मध्ये सिंगापुरात त्याचा भाऊबंद कॉक्सॅकीव्हायरस ए-२४ सापडला. २०२३ च्या साथीत देशात अनेक ठिकाणच्या नमुन्यांत हाच निघाला.

आता दहा मिनिटांत उत्तर देणारं किट आहे. कोरोनाच्या वेळी घरोघरी पाहिलेल्या पट्टीचीच ही बहीण. खालची पापणी ओढून आतल्या अस्तरावर टोक टेकवायचं आणि रेषेची वाट बघायची. पण ही पट्टी एकच प्रश्न विचारते, अडेनोव्हायरस आहे का? कॉक्सॅकीच्या साथीत ती कोरीच राहणार. त्यातही रेषा उमटली तर विश्वास ठेवावा, नाही उमटली तर फारसा ठेवू नये. सुरुवातीच्या चाचण्यांत या किटने दहातले नऊ रुग्ण पकडले होते. पुढे प्रयोगशाळेतल्या पीसीआर चाचणीशी ताडून पाहिलेल्या एका अभ्यासात मात्र दहातले जेमतेम चारच सापडले.

म्हणून भरवसा पीसीआरवर. विषाणूच्या जनुकाचा एक तुकडा दुप्पट, पुन्हा दुप्पट, असा तीस वेळा वाढवला की एकाचे शंभर कोटींहून जास्त होतात, तेही काही तासांत. एन्टेरोव्हायरससारख्या आरएनए विषाणूसाठी आधी आरएनएचं डीएनए करून घ्यावं लागतं, एवढंच.

मात्र यंत्र कितीही महागाचं असो, खेळ जिंकला किंवा हरला जातो तो पापणीपाशी. लाल डोळा आला की डॉक्टर सहसा फ्लुरेसीनचा पिवळा-केशरी रंग घालून निळ्या उजेडात बघतात. जखम असेल तर हिरवी चमकते. नमुना त्यानंतर घेतला, तर प्रयोगशाळेतल्या विषाणूला चिकटून चकाकणाऱ्या प्रतिपिंडांच्या चाचणीत भलताच गोंधळ होतो, कारण तिथेही तोच हिरवा रंग बघायचा असतो. विषाणू नसतानाही काचपट्टी चमकते! रोझ बेंगॉल हा दुसरा रंग तर विषाणूलाच मारतो. तेव्हा आधी स्वॅब, मग रंग. स्वॅबही पॉलिएस्टरच्या टोकाचा हवा आणि नमुन्याची नळी बर्फात ठेवायला हवी.

उलटा धोकाही आहे. हर्पिसचा विषाणू एकदा शरीरात शिरला की चेहऱ्याच्या नसांच्या गाठीत जन्मभर दडून राहतो आणि अधूनमधून धडधाकट माणसाच्या अश्रूंतही उतरतो. त्यामुळे नुसता ‘पॉझिटिव्ह’ वाचून गोळ्या लिहिणारा डॉक्टर चुकू शकतो. आधी डोळा बघावा, मग कागद.

सगळ्यात नाजूक वेळ येते ती दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याला, संसर्ग झाला की. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात द्रव असतो जेमतेम पाव मिलिलिटर. त्यातून बारीक सुईने दोन थेंब काढायचे आणि त्यातच हर्पिस, कांजिण्यांचा विषाणू आणि त्यांच्याच घराण्यातला सायटोमेगॅलोव्हायरस, तिघांनाही शोधायचं. पहिल्या दोघांवर असायक्लोव्हिर चालतं, तिसऱ्याला गॅनसायक्लोव्हिरसारखं वेगळं औषध लागतं. रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टर थांबत नाहीत. संशय ज्याचा दाट, त्याचं औषध लगेच सुरू करतात आणि पीसीआरने वेगळं नाव सांगितलं तर बदलतात.